बहिणीचं घर हडपणारा

"साहेब, याले कर्ज देऊ नका, यानं सख्ख्या बहिणीचं घर हडपलं!" शेजारची म्हातारी अशी ओरडत होती की अर्धं वडसा गाव गोळा झालं, आणि गृहकर्जाच्या चौकशीला आलेला बँकेचा साहेब माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात थबकला. पहिल्यावहिल्या घरासाठी बँकेत खेटे घालून माझी उंची वीतभर झिजली होती, वर हे. "बाई, ते मंडईच्या जत्रेतल्या नाटकातलं होतं, मी खलनायक होतो," मी म्हणालो. "मंग एवढं खरं काऊन करून राह्यला होता गा?" झाडीपट्टीच्या रंगभूमीवर एवढी दाद मला कुणी दिली नव्हती. थकलेली छाती फुगवून मी साहेबाला म्हणालो, "पाहा, असा कलाकार आहे मी." आजही तोंडाला रंग फासताना त्याचं उत्तर आठवतं: "नाटकं हिवाळ्यातच असतात. उन्हाळ्यात हप्ता कशातून भरणार?"