गाथोनीच्या रानातली सावड

किनानगोपच्या पठारावर ज्याच्या रानात गवताचे ठोंब उभे, तो एक तर आळशी नाही तर येडा. गाथोनीचं अख्खं रान ठोंबांचं! शेजारीपाजारी बटाटे नि कोबी, हिच्या मेंढ्या मात्र ठोंबांमधलं आखूड गवत कुरतडत निवांत. कारण काय, तर पिवळ्या छातीचा, गळ्यात काळी पट्टी असलेला एक पक्षी. तो ठोंबाच्या बुडाशीच घरटं करतो, आणि बाकीची रानं खणली गेल्यापासून बिचारा हिच्याकडेच राहिलेला. हे ती एकदा चर्चच्या अंगणात बोलून बसली. झालं! बायका तिला 'पाखरांची सासू' म्हणायला लागल्या. तेव्हापासून तिने तोंड शिवलं.

सावडीत बायकांनी आळीपाळीने एकमेकींची रानं खणायची. गाथोनी दर वेळी आपली पाळी पुढे ढकलायची. शेवटी सावडीची पुढारीण न्योकाबी न विचारताच वीसेक बायका नि कुदळी घेऊन सकाळीच दारात उभी.

"आज तुला श्रीमंत करूनच जाणार, गाथोनी!"

गाथोनी दारातच आडवी उभी राहिली. कालच तिने काठच्या ठोंबात पिल्लं पाहिली होती, उघडी-नागडी.

"आधी चहा!" ती ओरडली.

चहा झाला. मग उकडलेले बटाटे. मग पुन्हा चहा. मग मका-बटाटा घोटून केलेला पातेलंभर मुकिमो, त्यावर पुन्हा चहा. मग प्रार्थना. प्रार्थनेत तिने गावातल्या एकेका आजाऱ्याचं नाव घेतलं, आजारी संपले तेव्हा मेंढ्यांची घेतली.

"बाई, देवालाही कामं असतात गं," न्योकाबी म्हणाली आणि कुदळ उचलून थेट काठच्या ठोंबाकडे निघाली.

गाथोनी धावली ती त्या ठोंबापुढे फतकल मारूनच बसली. "आधी मला खण!"

तेवढ्यात आतून पक्षीण भुर्रकन न्योकाबीच्या नाकावरून उडाली आणि कुंपणावर बसून शिव्या घालू लागली. न्योकाबीने वाकून पाहिलं. पिल्लांनी तिच्याकडे बघून चोची वासल्या.

"माझ्याकडे काय मागताय मेल्यांनो? मुकिमो मी केव्हाच संपवला!" मग गाथोनीकडे वळून, "सकाळीच का नाही बोललीस?"

"हसला असतात."

"हसलो असतोच की! पण एवढा चहा तरी प्यावा लागला नसता."

आता पंचाईत. खाऊनपिऊन कुदळीला माती न लावता सावड घरी गेली तर गावभर नाचक्की. इकडे चहाही आपलं काम करू लागला होता. गाथोनीच्या वाकड्या संडासापुढे वीस बायका रांगेत, पाय चोळत उभ्या.

"सापडलं!" शेवटून दुसरी उभी असलेली न्योकाबी गरजली. "नवा संडास खणू!"

आणि खणला की! संध्याकाळी गाथोनीचा नवरा न्दिरांगू घरी आला, तर अंगणात केवढा खड्डा. काठावरून वाकून तो म्हणाला, "यात हत्ती बसवायचाय का गं?"

बायका हसत घराकडे निघाल्या. न्योकाबी मागे रेंगाळली, उगाच कुदळीची माती खरवडत.

"गुरुवारी माझी पाळी. ओढ्याकडचा तुकडा खणायचाय. तिथेही ठोंब आहेत."

गाथोनीने तोंड फिरवलं. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"तू पुढे चाल," न्योकाबी म्हणाली. "जिथे बसशील, तिथलं आम्ही खणणार नाही."