रस्त्याने सांगली

बाबांच्या कारखान्याच्या कागदांत आमचं ‘होमटाऊन’ सांगली होतं. रजेत गावी जायचं भाडं कारखाना द्यायचा, म्हणून लहानपणी दर खेपेला आम्ही रेल्वेनेच गेलो. संध्याकाळी बंगळूरला चढायचं, सकाळी तिकडे उतरायचं. मधला सगळा मुलूख आम्ही झोपून काढला. “रिटायर झालो की गाडीने जाऊ, गावोगाव थांबत,” बाबा आईला सांगायचे. ते रिटायर होऊन वीस वर्षं झाली. आधी आईचं दुखणं, मग ती गेली, मग माझी इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी. निमित्तांना काय तोटा!

या हिवाळ्यात मीच हट्टाने गाडी काढली. तुमकूरच्या बऱ्याच पुढे, एका लहानशा गावात पर्यटन माहिती केंद्राची पाटी दिसली आणि बाबांनी थांबायला लावलं. फोनमध्ये सगळा रस्ता असताना हे कशाला, म्हणून मी चिडले. पण जन्मभर ड्रॉइंगवर काम केलेल्या माणसाला कागदावर उमटल्याशिवाय काही खरं वाटत नाही.

आत एकच बाई होती. तिने टेबलावर नकाशा पसरला, बाबांनी खिशातून पेन्सिल काढली.

“अक्का, स्वल्प सावकाश सांगा,” बाबा कानडी-मराठी मिसळत म्हणाले.

कुठल्या तळ्यावर पक्षी येतात, कुठे मिरची भजी खावीत, कुठला किल्ला ऊन चढायच्या आत बघावा, ती सांगत गेली आणि बाबा खुणा करत गेले. प्रत्येक मुक्कामापुढे ‘एक रात्र’ असं बारीक अक्षरात लिहीत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. हे आई असताना करायला हवं होतं, असं वाटून जीव तुटला.

पेन्सिल वरच्या कडेला पोचली. नकाशा कर्नाटकापुरताच होता.

“पुढे कुठे, सर?”

“सांगली. आमचं गाव.”

“मग काय, तिथे घरचीच माणसं!” बाई हसली.

बाबाही हसले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “फोनवर जरा लॉज बघ. स्टँडजवळ मिळालं तर बरं.”

काका गेल्यावर चुलतभावांनी सांगलीचं घर विकलं होतं. संमतीच्या कागदावर बाबांनी मल्लेश्वरमच्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सही केली आणि पाकीट मीच कुरिअरवाल्याला देऊन आले. त्यांना काय वाटतं, ते मी विचारलं नव्हतं.

फोन हातात घेऊन मी विचारलं, “एकच रात्र ना?”

“दोन घे,” बाबा म्हणाले. “आपलं गाव आहे.”