उलटं फडकं

पोलादपूरला शाळेत जायला मी पुलावर एसटीची वाट बघायचे. एप्रिल महिन्यात खाली ओढ्याचं एकच डबकं उरलं होतं. एक म्हातारी त्यातलं पाणी फडक्यातून हंड्यात गाळायची आणि मग तेच फडकं उलटं करून डबक्यात हलकेच खळबळायची. अडकलेले पाणकिडे, इवले शंख परत पाण्यात जायचे. मला वाटायचं, काय ही नसती उठाठेव!

एकदा विचारलंच, "किडे परत कशाला सोडता, आजी?"

"आपल्याला टँकर तरी येल गो. ह्यांना कोण हाय?"

पुढच्या आठवड्यात डबकं आटलं. आजी टँकरपाशी दिसली. हंडा भरल्यावर तिनं सवयीनं फडकं उलटं केलं आणि ते हातात धरून ती कोरड्या ओढ्याकडे बघत राहिली.