मिस्त्रींचा अंगठा

रोज सकाळी चहा पिण्याआधी मिस्त्री उजव्या हाताचा अंगठा कपाला बाहेरून टेकवायचे. क्षणभरच. मग "झालाय कोमट" म्हणत मोठा घोट घ्यायचे आणि जीभ पोळली की बायकोवर डाफरायचे, "चहा आहे की निखारे?"

"मग कपाला विचारलंत तेव्हा तो काय म्हणाला?" ती ओट्यापाशी उभी राहून, मागे न बघता विचारायची. लेक हसायची. घरातला हा रोजचाच विनोद होता.

तीस वर्षं मिस्त्री लोकांच्या घरात टाइल्स बसवत होते, आणि सांधे भरण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. टाइल काय, कुणीही चिकटवतं, ते म्हणायचे. भिंत टिकते ती दोन टाइलांमधल्या फटीवर. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात टाइल्स बसून अकरा वर्षं झाली होती. फटी तशाच. बायको जुन्या टूथब्रशने त्यातला मळ काढत बसायची. "लोकांची न्हाणीघरं आरशासारखी," ती म्हणायची, "आणि आमच्याकडे झुरळांना गल्ल्या आखून दिल्यात."

मग एका वर्षी लागोपाठ तीन घरांत मिस्त्रींनी भरलेले सांधे खचलेले निघाले. कंत्राटदाराने त्यांना घरी बसवलं.

"हात थकला तुमचा, मिस्त्री."

"हात नाही, तुझी पावडर थकलीय."

"नाचता येईना अंगण वाकडं," कंत्राटदार सगळ्या माणसांदेखत हसला. तो टोमणा मिस्त्रींसोबत घरी आला आणि पुढे आठवडाभर रोज त्यांच्या ताटासमोर बसला.

शेवटी ते कंत्राटदाराला जाऊन म्हणाले, "गुडघे गेलेत, कबूल. पण नवख्या पोरांना शिकवायला तरी ठेव. माझ्या लेकीनं आजवर थापी हातात धरलेली नाही. तिच्याकडून घरचं न्हाणीघर भरून दाखवतो."

"दाखवा. रविवारी येतो बघायला."

शनिवारी सकाळी लेक सांधे भरायच्या पावडरची बादली घेऊन न्हाणीघरात बसली. मिस्त्री दारात स्टुलावर.

"पाणी बेतानं. सरबत नाही करायचं. दाट दह्यासारखं कर. आता दहा मिनिटं हात लावू नकोस, मुरू दे. हं, परत ढवळ. रबरी पट्टी तिरकी धर, तिरकी! सरळ ओढलीस तर भरलेलं उकरून काढशील."

तिला मजा येत होती. पांढरा लगदा फटीत दाबला की फट गप्प व्हायची. बाबा इतका वेळ तिच्याशी कधी बोललेच नव्हते. चारही भिंती आणि खालची जमीन भरून झाली. आता सांधे थोडे आळले की ओल्या स्पंजने टाइल्स पुसायच्या होत्या. घाई केली तर सांध्यातला मालच स्पंजाबरोबर बाहेर येतो, हे त्यांनीच चारदा बजावलं होतं.

मिस्त्रींनी वाकून सांध्यावर अंगठा दाबला. "झालंय. पूस."

"बाबा, अजून चमकतंय. ओलं वाटतंय मला."

"तीस वर्षं सांधे तू भरलेस का मी?"

तिने पुसलं. स्पंज पांढराशुभ्र होऊन आला. तिसऱ्या हाताला सांधे खाली बसले.

"दाबतेस कशाला एवढं? हाताला काही वळण?" मिस्त्री तिच्यावर अंगठा नाचवत ओरडले. तिने वर पाहिलं. तो अंगठा पहिल्या पेरापर्यंत ओल्या पांढऱ्या लगद्याने माखला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. सिमेंटने रेषा खाऊन टाकलेला, चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत अंगठा. तिला सकाळचा चहा आठवला. ती तीन घरं आठवली.

"बाबा, तुमचा अंगठा..."

"काय झालं अंगठ्याला?"

तिने तो हातात घेऊन ओढणीच्या टोकाने पुसला. "काही नाही. जरा लागलंय."

रविवारी कंत्राटदार आला. त्याने एका सांध्यावरून नख फिरवलं आणि मिस्त्रींकडे बघितलं. त्याने तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "माझी चूक आहे. बाबा थांब म्हणत होते, मीच ऐकलं नाही."

मिस्त्री ताठ झाले. "घसा कोरडा केला हिच्यापुढे!" ते म्हणाले. इतक्या खऱ्या आवाजात की लेकीने मान खाली घातली.

कंत्राटदाराने चपला घातल्या. "मिस्त्री, घरची पोर तुमचं ऐकत नाही, मग बाहेरची पोरं काय ऐकणार?"

त्यानंतर मिस्त्री कामावर गेले नाहीत. सांधे खरवडून पुन्हा भरू, असं लेक दोनदा म्हणाली. "एकदा उजेड पाडलास तेवढा पुरे," ते म्हणाले. आल्यागेल्याला ते न्हाणीघर दाखवायचे. आपली नोकरी कुणामुळे गेली तेही सांगायचे. आई एकदा लेकीकडे बघून काहीतरी बोलणार होती. लेकीने डोळ्यांनीच नको म्हटलं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून चहा मात्र लेकच निववून देऊ लागली. मिस्त्री अंगठा टेकवायचे, "झालाय कोमट" म्हणायचे, आणि ते खरं निघायचं. नऊ वर्षं.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी शेजारीण बघायला आली. जाताना तिने हात धुवायला न्हाणीघर विचारलं. लेक उशाशी कप धरून बसली होती. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"जपून हं, वहिनी. कोपऱ्यात पाणी साचतं. सांधे आमच्या लेकीनं भरलेत."