दगडूमामांचं उकळलेलं दूध

लोहाऱ्याहून मामेभावाचा फोन आला, दगडूमामा झोपेतच गेले. दीड महिना झाला त्याला. सांगायला लाज कशाला, रडू यायच्या आधी मला हसू आलं होतं. आदल्याच आठवड्यात मामांनी एसटीत कंडक्टरला सदरा वर करून पोटावरची ऑपरेशनची वीतभर खूण दाखवली होती. तिकिटं राहिली बाजूला, सगळी बस दुधावरचं व्याख्यान ऐकत होती…

शेळीच्या धारोष्ण दुधावर मामांचा भारी विश्वास. कुणालाही ताप आला की हे पेला घेऊन हजर. सहा वर्षांपूर्वी तापानं त्यांनाच धरलं, पोट-कंबर दुखू लागली, तसे ते पेल्यावर पेले रिचवू लागले. सोलापूरच्या सर्जनबाईंनी तपासून सांगितलं, पोटातली मुख्य रक्तवाहिनी जंतूंमुळे सडून फुगलीय, केव्हाही फुटेल. नेमकी तेव्हाच मामी भाकरीच्या गाठोड्यात लपवून कच्च्या दुधाची बाटली घेऊन आली. बाईंनी ती उचलली. म्हणाल्या, "जंतू यातूनच आलेत, बाबा."

मामांनी बाटलीकडे पाठ फिरवली. ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग हळूच मला म्हणाले, "गल्लीतल्या समद्या लेकरांस्नी पाजलंय रं म्या. त्येवढं सांगाया तरी घरी जायाचंय."

सडलेल्या जागी काय लावणार, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. "प्लास्टिकच्या नळीत जंतू पुन्हा घर करतील. तुमच्याच मांडीतली शीर लावू," बाई म्हणाल्या.

"म्हंजे घरचंच बियाणं. पेरा मग."

बाई खळखळून हसल्या आणि संमतीच्या कागदावर मामांचा अंगठा उमटला. ऑपरेशन चाललं तो दिवसभर आम्ही दाराबाहेर बसलो होतो.

गोळ्या कितीतरी महिने चालल्या. पण घरी आल्या आल्या मामा काठी टेकत दारोदार गेले. "चुकलं माझं. उकळून प्या." लेकरांना तपासायला दवाखान्यात नेलं. सगळी ठणठणीत निघाली, तेव्हा त्यांनी गल्लीभर बासुंदी वाटली, आणि ती किती वेळ आटवली हे प्रत्येकाला सांगितलं.

मामा गेले त्या दिवशी रिवाजाप्रमाणं घरात चूल पेटली नाही. शेळ्यांना त्याचं काय, संध्याकाळी त्या ओरडायला लागल्या म्हणून मीच धार काढली. दारात बसलेल्यांपैकी कुणीतरी मामीला म्हणालं, "वहिनी, सकाळधरनं पोटात काय न्हाय, घोटभर दूध तरी घ्या."

दिवसभर न हललेली मामी उठली. पातेलं पदरानं झाकून समोरच्या शेजारणीकडे गेली.

"तुझ्या चुलीवर उकळून दे गं," म्हणाली. "त्यांनी सांगितलंय."

उकळी येईपर्यंत दोघी तिथंच उभ्या राहिल्या.