गाठी सोडणाऱ्या वत्सलाकाकू

अडलेल्या गाईपाशी पोचल्यावर वत्सलाकाकू आधी स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायच्या. मग गळ्यातला स्कार्फ, मग गोठ्यात दिसेल त्या दोरीची गाठ. बाहेर एडमंटनचा हिवाळा, गाय कण्हतेय, मालकाचं तोंड उतरलंय, आणि आमच्या या सत्तरीला टेकलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठी सोडताहेत! "आपल्याकडे बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडतात, कुलपं काढतात," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुझी वेणी सोड." मी सोडली नाही. मोकळे केस घेऊन गाईच्या मागे उभं राहायला मला काही वेड लागलं नव्हतं.

मी नागपूरहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन आले होते आणि इथल्या लायसन्सच्या परीक्षा देत त्यांच्या हाताखाली काम करत होते. गोठ्यांतून त्या 'डॉक', मराठी मंडळात सगळ्यांच्या काकू. दिवाळीच्या पॉटलकला त्यांनी आणलेल्या खरवसावर माणसं तुटून पडत. चीक कुठून मिळाला, असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "आहे एक ओळखीची बाळंतीण."

मला मात्र दर वेळी भीती वाटायची. गाय अडल्याचा फोन आला की तो काकूंनीच उचलावा असं वाटायचं. ट्रकमध्ये एकदा मी हे बोलून दाखवलं, तर काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "वाटू दे. भीती वाटली तर वाटली, हात थांबता कामा नये. विंटर टायर्स घातले म्हणून बर्फ जातो का?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ग्लेन नावाच्या शेतकऱ्याकडची पहिलारू गाय अडली. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं मात्र आत मागे वळलेलं. काकूंच्या खांद्याने त्या हिवाळ्यात दगा दिला होता. "तू घाल हात," त्या म्हणाल्या. मी खांद्यापर्यंत हात घातला. गाईला कळ आली की हाडांमध्ये हात चिरडून निघायचा. चाचपताना बोटांना वासराची जीभ लागली आणि ती हलली. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण माझं अवसानच गळालं. जिवंत आहे, म्हणजे आता मेलं तर माझ्या हातून मरणार.

तेवढ्यात काकूंनी सवयीने फाटकाची दोरी सोडली. "नो, डॉक! कडी तुटलीय!" ग्लेन ओरडला. त्या दोरीनेच फाटक धरलेलं होतं. ते करकरत उघडलं, गाय निघाली आणि तिच्यामागे मी फरफटत, हात आतच अडकलेला. आता हा हात मोडणार, एवढंच मला कळत होतं. काकू धावल्या, फाटक लोटलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाय त्यावर धडकून थांबली.

"हात काढू नकोस!" त्या किंचाळल्या. "वासरू आत रेट! नाक शोध, मुठीत धर, वळव!"

डोकं वळलं. पायांना साखळ्या लावून आम्ही ओढलं, वासरू पेंढ्यावर पडलं. ग्लेनने नाकात काडी घातली, तेव्हा कुठे ते शिंकलं.

परतताना काकूंनी ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

"माझ्यापायी आज तुझा हात गेला असता."

मी बाहीला चिकटलेला पेंढा काढत बसले.

"त्या गाठीबिठी गाईसाठी नसतात गं. भीती वाटते मला. इतकी वर्षं झाली तरी दर वेळी वाटते. गाठी सोडेपर्यंत हात जरा थाऱ्यावर येतात, एवढंच."

गोठ्यात घाबरणारी मी एकटीच, असं मी इतके दिवस समजत होते. मला रडूच आलं. काकूंनी ग्लव्ह कंपार्टमेंटमधून टिश्यू काढून दिला आणि ट्रक पुन्हा रस्त्यावर घेतला.

या मार्चमध्ये त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती, मुलगा टोरोंटोहून विमानात बसला होता. खिडकीत सकाळचं ऊन आलं होतं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "भीती वाटतेय गं."

वाटू दे, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मीही घाबरले होते. मी वाकून एका हाताने माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांच्या गाउनची मानेमागची गाठ सोडली. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वेणी," त्या म्हणाल्या.

मी रबर काढलं आणि बोटांनी वेणीचे पेड एकेक करून मोकळे केले. केस खांद्यावर आले, तेव्हा त्यांनी माझं मनगट सोडलं.