साठीच्या खुर्च्या

आमचा मामा कार्यक्रमांना टेबल-खुर्च्या पुरवायचा. पण नेल्या आणि टाकल्या असं नाही हां. टेबलाला खुर्ची लावायची, चार पावलं मागं जायचं, मान वाकडी करून बघायचं आणि म्हणायचं, "छे, ही इथं नांदायची नाही."

मामी म्हणायची, "अहो खुर्ची आहे ती, सून नाही."

गावातल्या मोठ्या हॉलचं काम म्हणजे त्याचा जीव. धंद्यातलं पहिलं काम तिथलंच. पण मागच्या वेळी टेम्पो उशिरा पोचला, तेव्हा हॉलच्या बाई भडकल्या. म्हणाल्या, "आता एक जरी घोळ झाला ना, तर मी दुसरा माणूस बघणार."

मग त्यांचा फोन आला. लाइन खरखरत होती. बाई म्हणाल्या, "साठ खुर्च्या." मामाला ऐकू आलं, "साठीच्या खुर्च्या."

झालं! मामा खूश. कुणाची तरी साठी आहे, मोठी माणसं येणार, उठताना हाताला आधार पाहिजे. म्हणून नेहमीच्या सडपातळ खुर्च्या ठेवल्या घरी आणि हातांच्या, गुबगुबीत गादीच्या नेल्या. आकडा नेहमीचाच, साठ, त्यामुळे तोही चुकला नाही.

तिथं जाऊन बघतो तर काय, नोकरीला नवीन लागलेली पोरंपोरी, त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचा कार्यक्रम! वर खुर्च्यांचे हात हॉलच्या टेबलांना अडायला लागले, आतच जाईनात.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मामा, ह्यांना आत्ताच रिटायर करताय का?"

मामाला वाटलं, काम गेलंच म्हणून समजा. पण खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "चूक माझी, मला 'साठीच्या' ऐकू आलं. पण बाई, ही टेबलं भिंतीला लावू द्या. ह्यांचं पटत नाही, वेगळं राहू दे. टेम्पोत बुटकी टीपॉय आहेत, ती ह्यांच्याशी नांदतील."

सहा-सहा खुर्च्यांचे गोल केले, मधे टीपॉय. पोरं मोबाईल काढून बसली, पण तोंडं समोरासमोर, किती वेळ गप्प बसणार? तासाभरात हसण्याचा असा गलका झाला, की कार्यक्रम संपला तरी कुणी उठेना. शेवटी बाईंनाच दिवे बंद-चालू करायला लागले.

जाताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीसुद्धा साठीच्याच आणा." तेव्हापासून त्या हॉलमध्ये ह्या खुर्च्यांना तेच नाव पडलं.

मामा गेला त्याला महिना झाला. परवा त्याच हॉलमध्ये सगळे जमलो. खुर्च्या बाईंनीच लावून ठेवल्या होत्या, गोलात, मधे टीपॉय. रडायला म्हणून आलो, आणि त्याच्याच गोष्टी सांगत हसत बसलो. दिवे दोनदा बंद-चालू झाले.

मामी डोळे पुसत म्हणाली, "बसू द्या हो बाई जरा. बघा किती छान नांदताहेत."